घरची वही

१ सप्टेंबर, सोमवार

पोचले एकदाची. खोली मिळाली, खोलीला दार आहे आणि दाराला आतून कडी आहे. ती तीनदा लावून पाहिली, उगीचच. आमच्या घरी आतून कडी लावायची सोय फक्त न्हाणीघराला, आणि तिथेही बाहेरून कुणीतरी विचारतंच की अजून किती वेळ.

खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडकीला लागून दणकट टेबल, त्यावर दिवा आणि कोऱ्या कागदांची चळत. खिडकीतून अंगण दिसतं, मग फाटक, फाटकापलीकडे रस्ता आणि बसचा थांबा. पलंगावरची चादर मी घातलेली नाही आणि मी धुणारही नाही, एवढ्यावरच ती मला आवडली. दाराच्या मागे नियम लावलेत. पहिलाच नियम: लेखिकांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये. हा मी पुन्हा पुन्हा वाचला. इतकं गोड पत्र मला लग्नाआधीही कुणी लिहिलं नव्हतं.

घर फक्त लिहिणाऱ्या बायकांसाठी. तीन महिने राहायचं, लिहायचं, जायचं. चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. साठीच्या असतील, केस कापलेले, बोलणं इतकं सावकाश की ऐकताना झोप येते. त्यांनी माझा फोन कपाटात ठेवून घेतला. दर रविवारी ऑफिसच्या फोनवरून घरी दहा मिनिटं बोलता येईल म्हणाल्या. मी फोन दिला तो जड पिशवी कुणाच्या तरी हातात द्यावी तसा.

इथली खरी खासियत म्हणजे बदली. लेखिका इकडे आली की संस्था तिच्या घरी तिच्या जागी एक बाई पाठवते. घरचं सगळं तीच बघते. त्यासाठी आपण एकच करायचं: घरची वही लिहायची. आपलं घर कसं चालतं ते रोज लिहायचं, संध्याकाळी पाचला वही खाली द्यायची. लिहिलेली पानं फाडून घरी रवाना होतात, सकाळी उरलेली कोरी वही परत येते. ताई म्हणाल्या, जितकं बारीक लिहाल तितक्या तुम्ही मोकळ्या व्हाल.

आल्या आल्या चार पानं लिहून काढली. घरचा पत्ता, बस कोणती, लाँड्रीच्या बोळातून जवळचा रस्ता, दार कुठे अडतं आणि कुठे रेटायचं. सासूबाईंच्या गोळ्या, कानातले थेंब. मुलीची शाळा, डबा. गॅसचं कुठलं बटण उलटं फिरतं. लिहिताना एकेक ओझं खाली ठेवल्यासारखं वाटत होतं. आठ वर्षांची मुलगी, ऐंशीच्या सासूबाई, आणि मिठाचा डबा समोर असताना मीठ कुठंय विचारणारा नवरा, असा संसार चार पानांत मावला. मला थोडा रागच आला.

ही रोजनिशी मात्र माझी. ती कुणाला द्यायची नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

तीन दिवस नुसती झोपले. मी इतकी दमलेय हे मला ठाऊकच नव्हतं. जेवणाचं ताट दाराशी येतं, मी खाते, ताट बाहेर ठेवते, ते नाहीसं होतं. काल खाऊन झाल्यावर ताट घासायला उठलेच होते, मग पुन्हा बसले.

शेजारच्या खोलीत एक कवयित्री आहे. गुबगुबीत, हसरी, माझ्याच वयाची. सकाळभर जिन्यात उन्हाला बसलेली असते. इथे येऊन किती दिवस झाले विचारलं तर म्हणाली, बरेच. काय लिहिताय विचारलं तर म्हणाली, सध्या काही नाही, पण फार हलकं वाटतंय. घरी कोण कोण असतं विचारलं, तेव्हा तिने विचार केला. खरोखर विचार केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाली की दोन मुलगे असावेत. मला हसू आलं. कवी म्हणजे असेच, असं म्हणून मी वर आले.

कादंबरीचं बाड उघडून टेबलावर ठेवलंय. सहा वर्षं ते चाळिसाव्या पानावर अडकलंय. एक आई आणि तिची मुलगी, एवढीच गोष्ट. संपादकांनी विचारायचंही सोडून दिलं. पण आता ढीगभर वेळ आहे, शांतता आहे, कडी आहे. उद्यापासून बसतेच.

७ सप्टेंबर, रविवार

घरी बोलले. नवरा म्हणाला, बदलीची बाई चांगली आहे, शांत आहे, तू काळजी करू नकोस. सासूबाईंना तिच्या हातचे थेंब चालतात. फक्त मुलगी केस विंचरू देत नाही. मग मुलीने फोन ओढून घेतला आणि रडली. तू कधी येणार, तू आत्ता ये, त्या बाई दुखवतात. दहा मिनिटं संपल्याचं ताईंनी खुणेने सांगितलं.

नंतर ताई म्हणाल्या, घरून तक्रार आली की समजायचं, वही तिथे अपुरी पडली. मुलीचा दोष नाही, बाईचाही नाही. मला ते पटलं. खोलीत येऊन केसांवर दोन पानं लिहिली. तिला आधी खिडकीशी बसवायचं. उजव्या कानामागे रोज एक गुंता होतो, तो शेवटी सोडवायचा. सोडवताना तिला एखादा अवघड प्रश्न विचारायचा, म्हणजे उत्तर शोधण्याच्या नादात ती ओरडायचं विसरते. वेणी फार घट्ट घातली तर ती काही बोलत नाही, फक्त भुवया वर होतात, तेवढं बघायचं.

वाचून पाहिलं. चांगलं उतरलं होतं. एक शब्द बदलला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कादंबरी हलत नाही. सकाळी बसते, तास दोन तास पानाकडे बघते, मग वही पुढे ओढते. वही मात्र धावते. काल दहा पानं झाली. सासूबाई ऐकू येत नाही असं कधी दाखवतात आणि खरंच कधी येत नाही, यातला फरक कसा ओळखायचा. मुलगी शाळेतून आली की दप्तर कसं टाकते त्यावरून दिवस कसा गेला ते कसं कळतं. नवरा गप्प बसला की त्याचे दोन प्रकार. इतकं नेमकं मी आजवर लिहिलं नव्हतं. दोन कथासंग्रहांतही नाही.

ताईंनी आज मला मुद्दाम खाली बोलावलं. म्हणाल्या, इतक्या वर्षांत इतकी जिवंत वही आलेली नाही, वाचताना घर डोळ्यांपुढे उभं राहतं. माझ्या पुस्तकांची जी काही दोन-चार परीक्षणं आली त्यांत असं एक वाक्य नव्हतं. जिना चढताना मी हवेत होते. वर येऊन आणखी सहा पानं लिहिली, त्यांना हवी होती म्हणून नाही, मला पुन्हा ते ऐकायचं होतं म्हणून. लिहिणाऱ्या माणसाला कौतुकापुढे शहाणपण सुचत नाही हेच खरं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज वहीत राग लिहिला. घर चालवायला त्याचा काही उपयोग नव्हता, पण हात थांबेना.

नवरा एकदा सहा महिने प्रशिक्षणाला गेला होता. तेव्हा त्याच्या जागी कुणी बदली आलं नाही. कुणी त्याला वही लिहायला सांगितली नाही. त्याची वही म्हणजे मीच होते. आणि मी तीन महिने जायचं म्हटल्यावर एका अख्ख्या बाईची सोय करावी लागली, आणि तरी माझं किती नशीब म्हणून सगळ्यांनी मला ऐकवलं. हे लिहिलं. अकरा वर्षं मी जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात लिहिलं, कुणी पाणी मागितलं की कागद उचलून मांडीवर घेतले, हे लिहिलं. मी लिहायला बसले की घरातल्या प्रत्येकाला नेमकं त्याच वेळी काहीतरी सापडेनासं होतं, हेही लिहिलं. तोंडाने हे कधी बोलले नाही. एक तर वेळ नसायचा, आणि वेळ असला की त्राण नसायचं.

पाचला वही दिली आणि हायसं वाटलं. राग गेला. आत्ता आठवून पाहिला तर कोरडा वाटला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

२१ सप्टेंबर, रविवार

फोन दोन मिनिटांत संपला. सगळं छान चाललंय म्हणाले. मुलगी रडली नाही. केस आता दुखत नाहीत म्हणाली. मागून कुणीतरी हसलं. ते हसणं ओळखीचं वाटलं, कुणाचं ते लगेच लक्षात येईना. दुपारी जेवताना आठवलं. तोंडावर हात धरून, शेवटी श्वास आत ओढून. तसं मी हसते. हसताना तोंडावर हात का ठेवते, पुढचा दात कसा तुटला, त्यावरही एक पान लिहिलं होतं मी. घरच्यांना सवय असते, म्हणून.

त्या बाईने ते वाचून उचललं असेल. कामात हुशार दिसते.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज कादंबरीत आई मुलीचे केस विंचरते तो प्रसंग लिहायला घेतला. वाटलं, हा तरी सहज जाईल. मुलगी बसली, आईने फणी घेतली, आणि पुढे काय?

मी एक तास फणी धरून बसले. केस गुंततात एवढं ठाऊक आहे, पण ते सगळ्यांचेच गुंततात. माझ्या मुलीचे कसे? जाड की पातळ? गुंता कुठे होतो? मला मुलगी आहे हे मला माहीत आहे. ती आठ वर्षांची आहे हे माहीत आहे. केस माहीत नाहीत.

मग या रोजनिशीत मागे जाऊन पाहिलं. सात तारखेला सगळं लिहून ठेवलंय, उजवा कान, अवघड प्रश्न, भुवया. वाचलं. छान लिहिलंय. परक्याच्या पुस्तकातलं वाचावं तसं वाचलं.

थकवा असेल. इतक्या वर्षांचा आहे, इतक्यात थोडाच जाणार.

२८ सप्टेंबर, रविवार



फोन मुलीने घेतला. म्हणाली, नमस्कार, तुम्ही कशा आहात?

तुम्ही. जन्मल्यापासून मला तू म्हणणारी माझी लेक. मी तिला म्हटलं, अगं मी आई. तिने कुणालातरी हळूच विचारलं, आई, ह्या अशा काय बोलतात.

नवरा फोनवर आला. त्यानेही अहो-जाहो केलं. म्हणाला, तुमची वही मी सगळी वाचली, रात्रंदिवस डोक्यात तीच आहे. डोळ्यांत पाणी आलं म्हणाला. इतकी वर्षं एका घरात राहून काही दिसलंच नाही. म्हणाला, आमच्या हिच्यासाठी आता आतल्या खोलीत टेबल टाकून दिलंय, खिडकीशी. रोज दुपारी दोन तास कुणी तिच्या वाटेला जायचं नाही, असं घरात ठरवलंय. आमची ही आता लिहायला लागलीय. तुमचे उपकार आहेत.

आमची ही.

माझी दोन पुस्तकं त्याच्या उशापाशी पडून होती. कधी वीस पानांच्या पुढे गेला नाही. ही वही त्याने वाचली, समजून घेतली, बदलला. इतकं सोपं होतं. आणि टेबल मिळालं ते तिला.

२९ सप्टेंबर, सोमवार

ताईंकडे गेले. त्या बाई कोण आहेत, एवढंच विचारलं. ताईंनी काही लपवलं नाही. तुमच्याच खोलीत होती म्हणाल्या, तुमच्या आधी, कथा लिहायची. बदलीला आपल्याच लेखिका जातात. लेखिकेइतकं बारकाईने दुसरं कोण वाचणार? आणि वही लिहून लिहून पार रिकामी झालेली बाई, भरायला आसुसलेली असते. तिला घर मिळतं, घराला बाई मिळते, आणि नव्या बाईला लिहायला खोली मिळते.

मी म्हटलं, पण मी काहीच लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, बहुतेकजणी लिहीत नाहीत. आधी झोपतात. मग वही लिहितात. मग लिहायला काही उरत नाही.

हे असं का करता, असं मी ओरडलेच असेन. त्या रागावल्या नाहीत. दमलेल्या दिसल्या, माझ्यापेक्षाही. म्हणाल्या, एका बाईला लिहायचं तर तिच्या जागी दुसऱ्या बाईने उभं राहायचं, याखेरीज दुसरा रस्ता मला कुणी दाखवला नाही. तुम्हाला दिसला तर सांगा. त्यांनाही एकेकाळी घर होतं म्हणाल्या. कुठे, ते त्यांना सांगता आलं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

शेजारची कवयित्री गेली. सकाळी लहानशी पिशवी घेऊन, उजव्या हातात पानांचा गठ्ठा. अक्षर दुसऱ्याच कुणाचं. अंगणात उभी राहून पानं वाचत होती, ओठ हलत होते, मान डोलत होती. मी खिडकीतून हाक मारली. वर बघून म्हणाली, तिच्या घरात तिघं आहेत आणि धाकट्याला दमा आहे, वाफ कशी द्यायची ते तिला सगळं कळलंय. तिचे डोळे भरून आले होते. आनंदाने. ती त्या धाकट्याच्या काळजीत होती, आणि तिने त्याला पाहिलंही नव्हतं.

थांब्यावर बस आली. ती गेली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

निघाले होते. कुणी अडवलं नाही. फाटकाला कुलूप नसतं, कधीच नव्हतं.

पत्ता आठवेना. तो पहिल्याच दिवशी लिहून दिलाय. ताईंनी हवा तर घ्या म्हणून माझा प्रवेशाचा फॉर्म पुढे केला, त्यावर होता. वाचला. फाटकापर्यंत राहिला नाही. परत गेले, तळहातावर लिहून घेतला. थांब्यावर जाऊन पाहिला — निळी अक्षरं होती, नीट माझ्याच वळणाची, पण बोळ आणि नंबर आणि गल्ली यातून घर काही तयार होईना. बस आली. कंडक्टरने कुठे जायचं विचारलं. मी हात पुढे केला. त्याने वाचून तिकीट फाडलंही, आणि मला वाटलं, हा मला एका अनोळखी घरी नेऊन सोडणार. तिथल्या बाईला काय सांगू?

उतरले. पाय असे दुखत होते जसे मी पोचून परत आलेय.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आता कळलं. फक्त वही नाही. ही रोजनिशीही. इथे जे कागदावर उतरतं ते जातं. पूर्वी लिहिलं की गोष्ट जास्त माझी व्हायची. या घरात उलट आहे.

पहिलं पान वाचलं. ही विनोदी बाई कोण? मिठाचा डबा न दिसणारा कुणाचा नवरा?

बघत बसले काय काय उरलंय ते. घराचा रंग नाही. सासूबाईंचा आवाज नाही. मुलीचा चेहरा — एक भुवया वर केलेली मुलगी दिसते, पण तीही मी वाचलेली आहे.

एक आहे. एक उरलंय. तिला मी एक हाक मारते. दीड वर्षाची असताना तिच्याच तोंडून निघालेला एक शब्द, अर्थ नसलेला. दोघीच असलो की मी तिला त्या नावाने हाक मारते. नवऱ्यानेही कधी ऐकलेला नाही. घर चालवायला तो लागत नाही, म्हणून वहीत आला नाही. तेवढ्यानेच वाचला.

तो इथेही लिहायचा नाही. लिहायचा नाही. मनात म्हणत राहायचा. आज दिवसभर म्हणतेय.

४ ऑक्टोबर, शनिवार

ताटाबरोबर एक गठ्ठा आला. माझ्यासाठी. शेजारच्या खोलीत नवी लेखिका आलीय, तिची पानं. लिहिण्यासारखं संपलं की तीन महिनेही संपले म्हणे; सोमवारी मी निघायचं, बदलीला.

उघडायचा नाही म्हणून ठरवलं. दुपारी उघडला.

एकच पान वाचायचं म्हणून. मुलगा आहे पाच वर्षांचा, झोपेतून उठल्यावर कोपर धरून उभा राहतो, काही बोलत नाही, आपण ते कोपर हळूच सोडवायचं — वाचलं आणि छातीत ऊब आली. किती दिवसांनी. पुढचं पान हवंसं वाटलं. भूक लागल्यासारखं.

गठ्ठा दाराबाहेर ठेवला. कडी लावली. शब्द म्हणून पाहिला. आहे. पण दोनदा चाचपडावं लागलं.

ताटाबरोबर ताईंचा निरोपही होता, उद्या माझ्या घरची ती लोकं येणार आहेत. आभार मानायला. तिघं.

५ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

एकदा तिच्या कानात म्हणायचा. बस. तिने वळून बघितलं की झालं.

रविवार, दुपार

भेटले. वर आलेय. ते अजून खाली आहेत, ताई त्यांना बाग दाखवताहेत.

मुलगी त्या बाईच्या हाताला धरून आली. हात धरला होता म्हणून ओळखली. नाहीतर — रस्त्यात ओळखली नसती. मला नमस्कार केला. फुलं दिली.

नवरा सारखा त्या बाईकडे बघून बोलतो. दमलीस का विचारतो. मी त्याला असं बोलताना —  नाही, माहीत नाही. असेलही बोलत.

ती बाई वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं. दोघं बाजूला गेल्यावर माझा हात धरला. हात माझ्यासारखाच धरला, आधी बोटं, मग तळवा. म्हणाली, सगळं आहे, फक्त एक राहिलंय. मुलगी कधी कधी दाराशी येऊन उभी राहते. कशाची तरी वाट बघते. मी नावाने हाक मारते, ओ देत नाही. बाळा म्हणते, राणी म्हणते. ओ देत नाही. मग तशीच निघून जाते. जेवत नाही त्या दिवशी. ते वहीत नाही. काय आहे ते?

रडत होती. माझ्या मुलीसाठी रडत होती.

मी नाही म्हटलं. तसं काही नाही म्हटलं. तोंड घट्ट मिटलं.

म्हणजे पोर अजून वाट बघते. माझी. अजून पूर्ण गेलेली नाही.

तिच्या कानात म्हणायचं राहिलं — वेळ झाली नाही — वाकले, ती मागे सरकली, त्या बाईच्या पदराआड. आणि शब्द तोंडाशी आलाच नाही. होता. आत्ता सकाळी होता.

निघाले. खिडकीतून दिसताहेत. पुढे तो, मागे त्या दोघी.

हाक मारली. नुसती अहो अशी निघाली. कुणी बघितलं नाही.

काय होतं — पहिलं अक्षर — ओठ मिटतात की —

मुलगी थांबलीय. अंगणात एकटी थांबलीय, हात सोडून. इकडे पाठ आहे. दाराशी उभी राहते म्हणाली तशीच. वाट बघतेय. आत्ता म्हटला तर वळेल.

तोंडाला येत नाही. हाताला येतोय. पेन टेकवलं की येतोय, बोटांत आहे, स्पष्ट — लिहिला की वाचता येईल, वाचला की ओरडता येईल — फक्त एकदा — आणि नाही लिहिला तर असाही जाणारच — ती बाई मागे वळून बघतेय, माझ्या हाताकडे — 

थांब गं. थांब. आई हाक मारतेय. तुला मी म्हणते —